मिल्ट्री नाही, ठाण्यातला पोलीसही नाही: सीआरपीएफची गोष्ट

२०२४ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मे रोजी आली आणि जळगाव-रावेरचं लोकसभेचं मतदान १३ मे रोजी होतं. त्या दिवसांत आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सीआरपीएफची एक तुकडी मुक्कामाला होती. शाळेला सुट्ट्या लागलेल्या, वर्ग रिकामे, वरचे पत्रे दिवसभर तापलेले. जवान कुठले कुठले होते: ओडिशाचे, मणिपूरचे, राजस्थानचे, एक तर थेट केरळचा. आखाजीच्या दुपारी गल्लीतल्या बायकांनी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस शाळेत पोचवला. इकडे माहेरवाशिणी झोके घेत होत्या आणि तिकडे ही परमुलखातली पोरं निंबाच्या सावलीत पंगत मांडून जेवत होती.

त्या बायकांत आमच्या शेजारची काकू होती. तिचा मुलगा याच दलात आहे, आणि त्या दिवशी तो पश्चिम बंगालमध्ये निवडणुकीच्या बंदोबस्तावर होता. रसाचं पातेलं खाली ठेवत ती जवानांना म्हणाली, "मना आंडोर बी मिल्ट्रीमा शे." (माझा मुलगाही मिल्ट्रीत आहे.) तुकडीचा फौजदार मूळचा राजस्थानचा, त्याला एवढं कळलं. तो हात जोडून म्हणाला, "अम्माजी, हम मिलिट्री नहीं, सीआरपीएफ हैं." काकू म्हणाली, "तेच ना भाऊ."

मी गावात शिक्षक होतो. तीसेक वर्षं पोरांचे भरतीचे अर्ज भरून देत आलोय. काकूसारखं बोलणारे आईबाप मी शेकड्यांनी पाहिलेत, आणि 'सीआरपीएफ म्हणजे नेमकं काय' हे नोकरी लागेपर्यंत माहीत नसलेली पोरंही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. कारण 'तेच ते' नाही. आणि हा फरक कागदावरचा नाही, त्या पोराचं पुढचं सगळं आयुष्य त्यावर ठरतं.

'निम' या शब्दात सगळं आलं

वर्तमानपत्रं या दलांना 'निमलष्करी' म्हणतात. निम म्हणजे अर्धं. निमशहरी, निमसरकारी, तसं निमलष्करी. हातातली रायफल, अंगावरचा चट्ट्यापट्ट्यांचा गणवेश, बटालियन, कंपनी, प्लाटून ही रचना, छावणीतलं राहणं, हे सगळं लष्करासारखं. पण मालक वेगळा. लष्कर संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली आहे आणि सीआरपीएफ, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल, गृह मंत्रालयाच्या. नावातच पोलीस आहे. पदंही तशीच: शिपाई, हवालदार, उपनिरीक्षक, निरीक्षक. अधिकारी मात्र सहायक कमांडंटपासून कमांडंटपर्यंत चढतात आणि सगळ्यांत वर महासंचालक बसतो, जो भारतीय पोलीस सेवेतून येतो.

सरकारने २०११ मध्ये या दलांसाठी 'केंद्रीय सशस्त्र पोलीस दल' असं एकच नाव ठरवलं. तेव्हापासून सरकारी कागदांत निमलष्करी हा शब्द या दलांसाठी सहसा येत नाही, बोलण्यात मात्र राहिला. या नावाखाली सीआरपीएफशिवाय सीमेवरचं बीएसएफ, विमानतळ आणि मोठे सरकारी कारखाने राखणारं सीआयएसएफ, तिबेटकडच्या हिमालयातलं आयटीबीपी, नेपाळ-भूतानच्या सीमेवरचं एसएसबी, अशी दलं येतात. ईशान्येकडची आसाम रायफल्स यांच्यात सर्वांत जुनी, तिचं मूळ १८३५ सालचं. तिचा कारभार गृह मंत्रालयाकडे आणि मोहिमेवरचा हुकूम लष्कराचा.

आपल्याकडे याचा गोंधळ का होतो, ते भुसावळ जंक्शनवर उभं राहिलं की कळतं. फलाटावर आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, जवान दिसतो, तो रेल्वे मंत्रालयाचा. त्याच फलाटावर लोहमार्ग पोलीस असतात, ते महाराष्ट्र शासनाचे. बाहेर रिक्षास्टँडवर शहर ठाण्याचा हवालदार. सणासुदीला चौकात एसआरपीची गाडी उभी असते. ती बहुतेक वेळा धुळ्याच्या गट क्रमांक ६ ची. एसआरपी, म्हणजे राज्य राखीव पोलीस बल, राज्याचं. सीआरपी, म्हणजे सीआरपीएफ, केंद्राचं. एका अक्षराचा फरक, पण एसआरपीतल्या पोराची बदली फार तर गडचिरोलीपर्यंत जाते आणि सीआरपीएफवाल्याची काश्मीरपासून मणिपूरपर्यंत कुठेही.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन्ही विषय राज्यांच्या यादीत आहेत. जळगावात दंगल झाली तर तिथली शांतता ही महाराष्ट्र शासनाची जबाबदारी, दिल्लीची नाही. मग दिल्लीकडे स्वतःचं तीन लाखांच्या आसपासचं सशस्त्र पोलीस दल कशासाठी? राज्याचं मनुष्यबळ तोकडं पडलं तर मदतीला, आणि अनुच्छेद ३५५ प्रमाणे राज्यांना अंतर्गत अशांततेपासून सांभाळणं हे केंद्राचंही कर्तव्य आहे म्हणून. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या यादीत '२क' ही नोंद घातली आणि राज्यांत अशी दलं तैनात करण्याचा विषय स्पष्टपणे केंद्राकडे आला. या मुद्द्यावरून केंद्र-राज्य खटके अधूनमधून उडत असतात, त्याचं मूळ इथे आहे.

आधी धरणगाव, मग नीमच

सीआरपीएफचा इतिहास लिहिणारे १९३९ पासून सुरुवात करतात. मी खान्देशातला माणूस, मला त्याच्या शंभरावर वर्षं आधी जावंसं वाटतं. सीआरपीएफ त्यातून निघालं असं मला म्हणायचं नाही. पण 'सरकारचं सशस्त्र पोलीस दल' ही कल्पना आपल्या मातीत कशी उतरली, ते धरणगावात दिसतं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खान्देश कंपनी सरकारकडे गेला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं. सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल मात्र नव्या सरकारला जुमानत नव्हते. घाट राखण्याचे आणि गावांकडून हक्क घेण्याचे त्यांचे जुने अधिकार मराठेशाहीच्या शेवटच्या धामधुमीत बुडाले होते. कंपनीने पलटणी पाठवल्या. डोंगरात त्या टिकेनात, हिवतापाने माणसं मरू लागली. मग मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२५ मध्ये, वेगळा उपाय निघाला: भिल्लांचीच पलटण उभी करायची. हे काम जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आलं. तो भिल्लांबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात राहिला, विश्वास मिळवला आणि धरणगावला 'खान्देश भिल्ल कोअर' उभी केली. तिथला आउट्रमचा बंगला आजही लोक दाखवतात. पुढे १८५७ च्या लखनौच्या लढाईत नाव गाजलेला आउट्रम तो हाच.

या गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहावं लागतं. एका बाजूला, ज्यांना कालपर्यंत लुटारू म्हणत होते त्यांना पगार, गणवेश आणि मान मिळाला. दुसऱ्या बाजूला, ही पलटण वापरली गेली ती डोंगरातल्या त्यांच्याच भाऊबंदांना आवर घालायला. १८३० मध्ये आउट्रमने डांगच्या राजांवर स्वारी केली. आणि अशा नोकरीतला माणूस उलटूही शकतो, हे खाज्या नाईकाने दाखवलं. शिरपूरहून सेंधव्याकडे जाणाऱ्या घाटाची राखण करण्यासाठी तो सरकारी चाकरीत होता. १८५७ मध्ये तो सरकारविरुद्ध उठला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीची लढाई झाली. अनेक भिल्ल तिथे मारले गेले. सरकारची बंदूक खांद्यावर घेतलेला स्थानिक माणूस दोन्हीकडून कसा ओढला जातो, हे आपल्या डोंगरांनी फार आधी पाहिलंय. हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

आता नीमच. भुसावळहून खंडवा, पुढे इंदूर-रतलाम, आणि त्याच्याही वर माळव्याच्या टोकाला हे जुनं छावणीचं गाव आहे. आजूबाजूला संस्थानंच संस्थानं. खान्देश थेट ब्रिटिश मुलखात होता, पण देशाचा मोठा भाग राजे-महाराजांकडे होता आणि तिथे ब्रिटिशांचे कायदे थेट चालत नसत. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत संस्थानांतल्या प्रजामंडळांच्या चळवळींनीही जोर धरला. राजकोटला तर १९३८-३९ मध्ये मोठा सत्याग्रह झाला, त्यात वल्लभभाई पटेल पुढे होते आणि मार्च १९३९ मध्ये गांधीजी तिथे उपोषणाला बसले.

अशा वातावरणात २७ जुलै १९३९ रोजी नीमचला 'क्राउन रिप्रेझेंटेटिव्हज् पोलीस' हे दल उभं राहिलं. संस्थानांशी व्यवहार करताना व्हाइसरॉय राजमुकुटाचा प्रतिनिधी म्हणून वागे. दलाला नाव त्याच्यावरून पडलं. संस्थानांत गडबड झाली तर तिथल्या ब्रिटिश रेसिडेंटांचं आणि त्यांच्या हितसंबंधांचं रक्षण करणं, हे त्याचं काम. सरळ सांगायचं तर लोकांच्या चळवळीपासून सत्तेला वाचवण्यासाठी हे दल जन्माला आलं.

मग स्वातंत्र्यानंतर ते मोडलं का नाही? मोडता आलं असतं. पण पाचशेहून जास्त संस्थानं भारतात विलीन करण्याचं काम समोर होतं, कच्छ-राजस्थानची नवी सीमा मोकळी पडली होती, आणि संस्थानांमध्ये काम केलेलं हे दल हाताशी होतं. गृहमंत्री पटेलांनी ते ठेवलं. २८ डिसेंबर १९४९ रोजी सीआरपीएफचा कायदा झाला, 'क्राउन' गेला आणि त्याच्या जागी 'सेंट्रल रिझर्व्ह' आलं. १९ मार्च १९५० रोजी पटेलांनी दलाला राष्ट्रपतींचा ध्वज दिला. राजकोटच्या सत्याग्रहात संस्थानी सत्तेशी झगडलेल्या माणसाच्या हातून तो ध्वज गेला, ही मला या इतिहासातली सर्वांत बोलकी घटना वाटते. बंदूक तीच राहिली, ती कोणाच्या वतीने उचलायची ते बदललं.

सीमेवर पोलीस का होते?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोलीस कवायत मैदानांवर शोक परेड होते. वर्षभरात देशात कर्तव्यावर मरण पावलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. ही तारीख सीआरपीएफची आहे, हे अनेक पोलिसांनाही चटकन आठवत नाही.

१९५९ मध्ये लडाखच्या सीमेवरच्या अनेक ठाण्यांत लष्कर नव्हतं, पोलीस होते. हॉट स्प्रिंग्ज या ठिकाणाहून २० ऑक्टोबरला टेहळणीला गेलेल्या तुकड्यांपैकी एक परत आली नाही. दुसऱ्या दिवशी करमसिंग या अधिकाऱ्याबरोबर वीसेक जण त्यांना शोधायला निघाले. वर टेकडीवर चिनी सैनिक दबा धरून होते. दहा पोलीस मारले गेले, करमसिंगसह काही जण पकडले गेले. विरळ हवा, गोठवणारी थंडी, हातात साध्या रायफली. चीनबरोबरचं युद्ध अजून तीन वर्षं दूर होतं.

कच्छच्या रणातही तेच. ९ एप्रिल १९६५ च्या पहाटे पाकिस्तानी लष्कराच्या एका ब्रिगेडने सरदार पोस्टवर हल्ला केला. समोर होती सीआरपीएफच्या दुसऱ्या बटालियनची छोटी तुकडी. त्यांनी हल्ला परतवला. ३४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले, ४ जिवंत पकडले गेले, आणि आपले ६ जवान पडले. ९ एप्रिल हा दलात शौर्य दिन म्हणून पाळतात.

शौर्य मोठं होतं, पण दिल्लीने त्यातून धडा घेतला तो व्यवस्थेचा. सीमा राज्यांच्या पोलिसांवर आणि राखीव दलावर सोडून चालणार नाही, हे दिसलं. त्याच वर्षी, १ डिसेंबर १९६५ रोजी बीएसएफची स्थापना झाली. तिचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी मूळचे आपल्या विदर्भातल्या कामठीचे. सीमेचं काम असं दुसऱ्याकडे गेल्यावर सीआरपीएफचा तोंडवळा हळूहळू आतल्या बाजूला वळला: दंगली, निवडणुका, पंजाब, काश्मीर, ईशान्य भारत, आणि नंतर मध्य भारतातलं जंगल.

आत वळल्यावर दलाच्या शाखा फुटत गेल्या. १९८६ मध्ये ८८ वी बटालियन पूर्णपणे महिलांची उभी राहिली. २००१ च्या १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला तेव्हा प्रवेशद्वारापाशी असलेल्या कमलेश कुमारी या शिपाई बाईंनी हातात शस्त्र नसताना धावत जाऊन बाकीच्यांना सावध केलं, आणि गोळ्या लागून त्या गेल्या. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. गावात मुलींना भरतीचं सांगताना मी हे नाव आवर्जून घेतो.

१९९२ पासून निळ्या गणवेशातलं शीघ्र कृती दल, आरएएफ, कामाला लागलं. दंगल काबूत आणणं हे त्याचं खास काम, आणि कमीत कमी जीवितहानी व्हावी म्हणून अश्रुधूर, ढाली यांवर भर. आरएएफची बटालियन नवी मुंबईत तळोज्याला आहे. धुळ्याने २००८ आणि २०१३ मध्ये दंगली सोसल्या. ज्यांनी त्या पाहिल्या त्यांना बाहेरचं दल येण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. गल्लीतल्या लोकांचा स्थानिक पोलिसांवरचा भरवसा उडालेला असतो. तो आपला की त्यांचा, असा हिशोब चालू असतो. अशा वेळी ज्याला गल्लीतलं कोणीच ओळखत नाही, ज्याला ना जात ठाऊक ना मोहल्ला, असा माणूस चौकात उभा राहिला की दोन्ही बाजू जरा थबकतात. पण त्याच कारणाने त्याला गल्लीही कळत नाही, भाषाही कळत नाही. कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे आणि कुठल्या गच्चीवर दगड साठवलेत, हे ठाण्यातल्या जुन्या हवालदारालाच माहीत असतं. म्हणून केंद्रीय दल एकटं कधी चालत नाही, पुढे स्थानिक पोलीस लागतोच.

जंगलातला प्रश्न

नक्षलवादाविरुद्ध २००८ नंतर 'कोब्रा' बटालियन उभ्या राहिल्या, जंगलात दिवसेंदिवस चालू शकणाऱ्या. त्या काळातली सर्वांत काळी तारीख ६ एप्रिल २०१०. छत्तीसगडच्या दंतेवाडा भागात ताडमेटलाजवळ माओवाद्यांनी घेरून ७६ जणांना मारलं, त्यातले ७५ सीआरपीएफचे. एका सकाळी एवढी माणसं गेली.

आणि तारीख दुसरीही आहे, तीही सांगितली पाहिजे. २०१२ च्या जूनअखेरीस त्याच बस्तर भागात सारकेगुडा इथे रात्री जमलेल्या गावकऱ्यांवर सुरक्षा दलांनी गोळीबार केला. १७ जण मेले, त्यांत अल्पवयीन मुलंही होती. ते माओवादी असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. न्यायालयीन चौकशी आयोगाचा अहवाल २०१९ मध्ये आला; मेलेले माओवादी होते याचा पुरावा आयोगाला मिळाला नाही. ताडमेटलाचे जवान बहुतेक गरीब शेतकऱ्यांची पोरं होती आणि सारकेगुड्याचे लोकही गरीब शेतकरीच. मी जवानांच्या बाजूचा माणूस आहे, माझे विद्यार्थी त्या दलात आहेत. म्हणूनच हे झाकून ठेवायला मला जमत नाही. झाकलं तर पुढच्या वेळी बोट ट्रिगरवर असताना माझ्याच विद्यार्थ्याला थांबायला कोण शिकवणार?

२०१७ मध्ये सीआरपीएफने २४१ वी बटालियन उभी केली, तिला 'बस्तरिया' म्हणतात. बस्तरमधल्याच आदिवासी तरुण-तरुणींची. भाषा त्यांना येते, वाटा त्यांना ठाऊक. हे वाचलं तेव्हा मला लगेच धरणगाव आठवलं. १८२५ ची भिल्ल पलटण परक्या कंपनीची होती आणि आजचं दल आपल्याच राज्यघटनेचं, हा फरक फार मोठा आहे. तरी सुट्टीवर घरी गेलेल्या बस्तरिया जवानाकडे त्याच्या पाड्यावरचे लोक कसे बघत असतील, हा विचार सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या मनातून जात नाही.

ते येतात कसे, आणि काय करू शकत नाहीत

लोकांना वाटतं केंद्रीय दल आलं म्हणजे आता दिल्लीचं राज्य. तसं होत नाही. सामान्यपणे राज्याचा गृह विभाग केंद्रीय गृह मंत्रालयाकडे मागणी करतो, मंत्रालय इतक्या कंपन्या इतक्या दिवसांसाठी म्हणून देतं. अशा तैनातीचा खर्चही सर्वसाधारणपणे राज्याकडूनच वसूल होतो. दल जिल्ह्यात पोचलं की कुठे उभं राहायचं, कुठून पथसंचलन काढायचं, हे जिल्हा पोलीस आणि प्रशासन ठरवतं. जवानांचा अंतर्गत हुकूम मात्र त्यांच्याच अधिकाऱ्याचा.

आणि तपासाचा अधिकार सीआरपीएफला नाही. त्यांचं ठाणं नसतं, तिथे गुन्हा नोंदवला जात नाही. कोणाला पकडलं तर त्याला जवळच्या पोलीस ठाण्याच्या हवाली करावं लागतं. पुढचं सगळं ठाण्याचं. बेकायदा जमाव पांगवायचा झाला तर त्याचा क्रमही कायद्याने ठरलेला आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे.

निवडणुकीत हे दल सर्वांत जास्त लोकांना दिसतं. मतदानाच्या आधी गावातून कूच काढायची, संवेदनशील केंद्रांवर उभं राहायचं, आणि मतदान झाल्यावर यंत्रं ठेवलेल्या स्ट्राँग रूमवर निकालापर्यंत पहारा. आमच्या शाळेतली तुकडी १३ तारखेच्या रात्री मतदान यंत्रांच्या गाडीबरोबर गेली, सकाळी सामान न्यायला तिघे जण आले. वर्ग झाडून, फळा पुसून गेले. एका फळ्यावर कोपऱ्यात उडियात काहीतरी लिहिलेलं राहिलं होतं, ते मी जूनपर्यंत पुसलं नाही.

या धावपळीची एक किंमत आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. नावातला 'राखीव' हा शब्द आता नावापुरताच राहिलाय. राखीव म्हणजे वेळेसाठी हाताशी ठेवलेलं. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात कंपन्या फिरतच राहतात. प्रशिक्षणाला वेळ कमी पडतो, रजा पुढे ढकलल्या जातात. माझ्या मते राज्यांनी स्वतःच्या पोलिसांत भरती केली नाही, रिक्त जागा तशाच ठेवल्या, की त्याची भरपाई या पोरांच्या रजेतून होते.

पोरं विचारतात ते

पहाटे पाचला चोपड्याच्या रस्त्यावर धावणाऱ्या पोरांना मी आधी हे सांगतो: २०२२ च्या अग्निपथ योजनेआधी लष्करात लागलेला शिपाई तरुण वयातच पेन्शन घेऊन घरी येतो, सीआरपीएफमध्ये निवृत्ती ६० व्या वर्षी. २०१९ पर्यंत बहुतेकांसाठी ती ५७ व्या वर्षी होती. १ जानेवारी २००४ नंतर जो केंद्रीय दलात लागला त्याला जुनी पेन्शन नाही, राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. लष्कराला मात्र या बदलातून वगळलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही दलंही संघराज्याची सशस्त्र दलंच आहेत आणि त्यांना जुनी पेन्शन लागू व्हावी असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने नंतर त्याला स्थगिती दिली. वरच्या पदांचाही वाद आहे. दलातूनच चढत आलेल्या अधिकाऱ्यांच्या वाटा बाहेरून प्रतिनियुक्तीवर येणाऱ्या आयपीएस अधिकाऱ्यांमुळे अडतात, अशी त्यांची जुनी तक्रार. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रतिनियुक्त्या टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं.

मरण मात्र दोन्हीकडे सारखंच. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात ४० जवान गेले. दोघे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले होते, त्यातला एक मलकापूरचा. मुक्ताईनगरहून मलकापूर किती लांब? त्या दिवशी इकडच्या गावांतही चुली पेटल्या नव्हत्या.

हे सगळं ऐकूनही पोरं अर्ज भरतात आणि मी भरून देतो. शिपाई पदाची परीक्षा कर्मचारी निवड आयोग घेतो, दहावी पास चालतं. मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, मुलींना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. उंची साधारणपणे मुलांना १७० सेंटिमीटर, मुलींना १५७. अनुसूचित जमातीच्या मुलांना १६२.५ आणि मुलींना १५० चालते. आमच्या पावरा आणि भिल्ल पोरांपैकी कितीतरी जण ही सवलत माहीत नसल्याने घरी बसतात, म्हणून मी ती शाळेच्या फलकावर लिहून ठेवतो. २०२४ पासून ही परीक्षा मराठीतही देता येते. त्याआधी इंग्रजी किंवा हिंदीच होती, आणि आमची अहिराणी बोलणारी हुशार पोरं प्रश्न कळला नाही म्हणून मागे पडायची. अर्जात दलांचा पसंतीक्रम भरायचा असतो. तिथे पोरं डोळे मिटून आकडे टाकतात. त्या रकान्यापाशी मी पेन अडवतो आणि कुठलं दल कुठे असतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

काकूच्या मुलाचा अर्जही मीच भरला होता. त्या वर्षी बंगालमधलं मतदान सातही टप्प्यांत, १ जूनपर्यंत चाललं. तो घरी आला तेव्हा पाऊस पडून गेला होता, झोके उतरवले होते, आंबे संपले होते. काकूने आखाजीच्या रसातला एक डबा फ्रीजरमध्ये ठेवला होता. तो तिने काढला, सुटायला ठेवला, आणि खापर पुन्हा चुलीवर चढवलं.